लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडी नांगराचे कारखानदार

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याने ते यंत्रचित्रकलेकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले व तेथील सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. त्यानंतर लहानशा कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

लाकडी नांगर माती फक्त चिरतो. लोखंडी नांगर ती खोलवरून उचलून उलटी पाडतो. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या तणांच्या काशा व गाठी वर येऊन उन्हाने वाळतात. हा फायदा असूनही सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी नांगर बनवणे मात्र सोडले नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व आर्थिक मदत दिली. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तेथे नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडणीची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

विस्तार कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. चांगले अवजारही केवळ सांगून स्वीकारले जात नाही. शंका जमिनीबद्दल असेल, तर उत्तरही शेतातच द्यावे लागते. गावातल्याच एका शेतात अर्धा भाग नव्या अवजाराने व अर्धा जुन्या पद्धतीने करावा आणि तण, ओल व खर्च यांची नोंद शेतकऱ्यांसमोर ठेवावी. शेतकऱ्यांनीही आपली जमीन पाहूनच अवजार निवडावे. हरळीच्या भारी जमिनीत खोल नांगरट उपयोगी पडते. उथळ, हलक्या जमिनीत तीच नांगरट खालचा मुरूम वर आणते.