ओटो र्‍योम

ओटो र्‍योम (१४ मार्च १८७६ – १७ सप्टेंबर १९३९) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ व उद्योजक होते. काचेसारख्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकच्या निर्मितीसाठी ते ओळखले जातात.

जीवन

र्‍योम यांचा जन्म व्युर्टेंबर्गमधील ओरिंगेन येथे झाला. सुरुवातीस औषधविक्रीच्या व्यवसायात उमेदवारी केल्यानंतर ते रसायनशास्त्राकडे वळले. १९०१ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना अ‍ॅक्रिलिक अम्लाच्या बहुवारिकीकरणावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली. मात्र या संयुगांचे एकवारिक (ज्या लहान रेणूंच्या साखळीतून बहुवारिक बनते ते मूळ द्रव्य) स्वस्तात तयार करता येत नसल्यामुळे हे संशोधन दीर्घकाळ प्रबंधापुरतेच राहिले.

चामडे कमावताना कातडी मऊ करण्यासाठी त्या काळी कुत्र्यांची विष्ठा वापरीत. र्‍योम यांनी तिच्याऐवजी स्वादुपिंडातील एंझाइमे वापरून ‘ओरोपॉन’ हे द्रव्य तयार केले. १९०७ मध्ये ओटो हास यांच्या भागीदारीत त्यांनी कंपनी स्थापन केली व १९०९ मध्ये ती डार्मस्टाट येथे हलविली. या व्यवसायाच्या उत्पन्नामुळेच अ‍ॅक्रिलेटांवरील संशोधन पुन्हा सुरू करणे त्यांना शक्य झाले.

पारदर्शक बहुवारिक

सहकारी वॉल्टर बाउअर यांच्यासह र्‍योम यांनी मिथिल मेथाक्रिलेट या द्रवाचे दोन काचांच्या मध्ये बहुवारिकीकरण करून स्वच्छ, घट्ट तक्ते मिळविले. १९३३ मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदविण्यात आले. याच सुमारास ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत जॉन क्रॉफर्ड यांनी अ‍ॅसिटोन व हायड्रोजन सायनाइड यांपासून हे एकवारिक बनविण्याची पद्धती शोधल्याने मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुकर झाले. हे प्लॅस्टिक दृश्य प्रकाशाचा सुमारे ९२ टक्के भाग पार जाऊ देते. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असून वजन काचेच्या जवळजवळ निम्मे असते. एकवारिकात अशुद्धी राहिल्यास मात्र तक्ता पिवळसर किंवा धूसर होऊ शकतो.

परिणाम

दुसरे महायुद्ध सुरू होताच लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांसाठी या प्लॅस्टिकची मागणी वाढली. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात र्‍योम यांचे निधन झाले. जखमी ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले त्याचे तुकडे डोळ्यांनी सहन केल्याचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांना आढळले. त्यावरून १९४९ मध्ये त्यांनी लंडन येथे मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच द्रव्याचे भिंग बसविले. पुढे भारतातही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत अशी भिंगे वापरली जाऊ लागली.