सालवनातला शिकारी : कॅप्टन फॉर्सिथ

मी सौंसर-पांढुर्ण्याकडचा. आमच्या उत्तरेला सातपुडा चढत जातो. त्यात हिम पडत नाही. पण छिंदवाड्यापलीकडे, पचमढीच्या पठारावर, पौषातल्या पहाटे गवतावरचे दव गोठते. अशाच थंडीच्या दिवसांत, १८६२ च्या जानेवारीत, जेम्स फॉर्सिथ त्या पठारावर गेला. जन्म १८३८ चा, म्हणजे ऐन तारुण्य. नुकत्याच स्थापन झालेल्या मध्यप्रांताची जंगले पाहणे हे त्याचे काम. तिथे त्याने बांधलेला बायसन लॉज आजही उभा आहे.

शिकारीचा त्याला विलक्षण नाद. रायफलीवर त्याने पुस्तकही लिहिले. पण हरणामागे हिंडताना त्याची नजर झाडांवरही असे. हा मुलूख सागाचा. देनवेच्या खोऱ्यात मात्र सालाचे एक एकाकी रान त्याला आढळले, आणि त्याच रानात बारशिंगा. दोघांचेही मोठे घर दूर पूर्वेला, मंडल्याकडे. साल आणि बारशिंगा यांची ही सोबत त्याने टिपून ठेवली.

पुढे त्याने निमाडची जमाबंदी केली. १८७१ मध्ये तो अकालीच वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचा त्याचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

देनवेकडचा बारशिंगा नंतर नाहीसा झाला. १९७० मध्ये कान्ह्यातही अवघे ६६ उरले होते. तिथे तो जपला, वाढवला, आणि २०१५ मध्ये सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात पुन्हा आणला. फॉर्सिथच्या बंदुकीचे कौतुक मला नाही. पण हे हरीण इथलेच, ही साक्ष त्याच्याच लेखणीने राखली.