ह्यूगोचे उघडे दार

व्हिक्टर ह्यूगोचे नाव निघाले की ‘ले मिझेराब्ल’मधील ज्याँ वालज्याँ आणि पावाच्या चोरीपायी त्याने भोगलेली सक्तमजुरी आठवते. आम्हांला मात्र त्या कादंबरीइतकेच तिच्या कर्त्याचे आयुष्य विचार करावयास लावते. कारण हा माणूस गरिबांचा कैवारी म्हणून जन्मास आला नव्हता.

१८०२ मध्ये जन्मलेला ह्यूगो तारुण्यात कट्टर राजनिष्ठ होता. त्याला राजाकडून वर्षासन मिळे. १८४५ मध्ये तर तो उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसचे बेकार, भुकेले कामगार रस्तोरस्ती अडथळे रचून उठले, तेव्हा बंड शमविण्यासाठी संसदेने धाडलेल्या साठ प्रतिनिधींत तोही होता. कवी त्या दिवशी सरकारी बंदुकांच्या बाजूस उभा होता, हे त्याचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. १८४५ पासून लिहीत आणलेली ती कादंबरी त्याच वर्षी अडली. १८६० मध्ये त्याने ती पुन्हा हाती घेतली आणि १८६२ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचक १८३२ च्या बंडातील अडथळ्यांच्या आतल्या बाजूस, मरणाऱ्यांच्या शेजारी उभा होता.

मधल्या काळात त्याने बरेच काही गमावले होते. १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावताच ह्यूगो परागंदा झाला. १८५९ मध्ये देऊ केलेली माफी नाकारून तो ग्वेर्नसी बेटावरच राहिला. मायदेशी परतला तो १८७० मध्ये, साम्राज्य कोसळल्यावर. एका बाबतीत मात्र तो प्रथमपासून अढळ होता, ती म्हणजे फाशीचा विरोध. १८२९ मध्येच त्याने त्यावर पुस्तक लिहिले होते. १८६७ मध्ये पोर्तुगालने लष्करी कायद्याबाहेरील गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द केला, तेव्हा त्या देशाचे अभिनंदन करणारे पत्र त्याने हद्दपारीतून धाडले. ज्या पोर्तुगालचा अंमल आपल्या गोव्याने सोसला, त्याच्या इतिहासातील हे पान आपण क्वचितच उघडतो!

खरी कसोटी १८७१ च्या मे महिन्यात लागली. पॅरिसची कम्यून रक्तात बुडविली जात होती. कम्यूनची कृत्ये ह्यूगोस मान्य नव्हती. तरीही बेल्जियमचे सरकार पळून येणाऱ्या कम्यूनवाल्यांना थारा देणार नाही असे कळताच, त्यांनी आपल्या ब्रुसेल्सच्या घरी यावे, असे त्याने वृत्तपत्रातून जाहीर केले. त्या रात्री जमावाने घरावर दगडफेक केली. आत नातवंडे होती. तीन दिवसांत बेल्जियमने दगड मारणाऱ्यांना नव्हे, तर ह्यूगोलाच देशाबाहेर काढले. निरपराधाची दया कोणासही येते. ज्याची कृत्ये आपणांस पटत नाहीत, त्याला आसरा देण्यास निराळीच छाती लागते, आणि ती ह्यूगोस पन्नाशी उलटल्यावर, हद्दपारीच्या शाळेत लाभली, असे आमचे मत आहे.

१८७६ मध्ये सिनेटर होताच त्याने कम्यूनवाल्यांच्या माफीचा ठराव मांडला. बाजूने जेमतेम दहा हात वर झाले. त्याने पिच्छा सोडला नाही. १८८० मध्ये माफी मिळाली आणि दूरच्या न्यू कॅलेडोनियात डांबलेले उरलेसुरले लोकही घरी परतू शकले. २२ मे १८८५ रोजी ह्यूगो वारला. मृत्युपत्राप्रमाणे पन्नास हजार फ्रँक गरिबांस देण्यात आले, व लाखोंच्या गर्दीतून त्याचे शव पँथिऑनकडे निघाले ते गोरगरिबांसाठी असलेल्या साध्या शवगाडीतून. फ्रान्सने फाशी रद्द केली ती त्यानंतर शहाण्णव वर्षांनी, १९८१ मध्ये.