रिझनिंगचा 'गृहीतक' प्रश्न चुकतोय? मग आगरकर आणि टिळकांचं भांडण समजून घ्या

चाकण, भोसरी, पिंपरीकडच्या कंपन्यांत नोकरीसाठी ॲप्टिट्यूड टेस्टची तयारी करताय? मग हा प्रश्न तुम्हाला छळून गेला असणार. एक विधान देतात, खाली दोन गृहीतकं आणि विचारतात, यातलं कोणतं विधानात दडलंय? आपण विधान खरं की खोटं यावरच भांडत बसतो आणि मार्क जातात.

समोरच्याच्या बोलण्यात न बोललेलं काय आहे, हे शोधण्यात आयुष्य घालवलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. त्यापायी त्याने जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्राही पाहिली.

गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६, कराडजवळच्या टेंभूचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तिथे अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं सांगतात. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, असं त्यांनी आईला पत्राने कळवलं आणि टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी धरली. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक तेच. कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. वाक्यांची चिरफाड कशी करायची यावरही त्यांचं एक पुस्तक आहे, 'वाक्यमीमांसा'. चिरफाडीची सवय तिथूनच असावी.

पुढे टिळकांशी बिनसलं. १८८७ मध्ये 'केसरी' सुटला, १८८८ मध्ये स्वतःचं 'सुधारक' सुरू झालं. आणि मग आलं संमतिवयाचं बिल.

कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. त्यानंतर सरकारने संमतीचं वय १० वरून १२ करायचं ठरवलं. टिळकांचा विरोध बालविवाहाच्या प्रेमातून नव्हता. सुधारणा शिक्षणाने, आतून व्हावी. परक्या सरकारने घरात शिरू नये, म्हणून कायदा नको, असा तो युक्तिवाद होता.

आता याला टेस्टमधल्या प्रश्नासारखं मांडा. निष्कर्ष : कायदा नको. कारण : सुधारणा आतून होईल. मधला न बोललेला दुवा : ती वेळेत होईल. गृहीतक ओळखायची साधी युक्ती म्हणजे ते उलटवून बघायचं. सुधारणा वेळेत होणार नाही असं धरलं, तर निष्कर्ष उभा राहतो का? डगमगतो. म्हणजे गृहीतक हेच. सुधारक पक्षाने नेमकं इथेच बोट ठेवलं. सतीची चाल १८२९ मध्ये कायद्यानेच बंद झाली होती, समाज आपणहून जागा होईपर्यंत थांबलं असतं तर? मुलींचे जीव तर आज जात होते.

पण परक्या सत्तेला घरात हक्क मिळतो, हा टिळकांचा दुसरा मुद्दा या युक्तीने पडत नाही, हे मान्य करायला हवं. तो वेगळा पाय आहे, त्याला वेगळं उत्तर लागतं. टेस्टमध्येही एका विधानाला दोन पाय असले की पोरं तिथेच फसतात.

मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. आगरकरांवर मात्र लोकांचा राग होताच. याच वर्षांत कधीतरी विरोधकांनी त्यांची तिरडी बांधून घरावरून नेली.

गंमत बघा, त्यांच्या पत्नी यशोदाबाई देवधर्म करायच्या आणि आगरकर त्यांना अडवत नसत. बाहेर कायद्याची सक्ती हवी आणि घरात नको? विसंगती वाटते. पण एकीकडे दहा वर्षांच्या पोरीचा जीव आहे, दुसरीकडे जाणत्या बाईची स्वतःची श्रद्धा. दोन्हींना एकाच मापाने मोजावं, हे आपलं गृहीतक.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा जुनाच होता. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. उशाखाली एक पुरचुंडी सापडली असं सांगतात. आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च त्यांनी आधीच बांधून ठेवला होता.