वाहून गेलेले पूल आणि विश्वेश्वरय्या

पावसाळ्यात एखादा साकव वाहून गेला किंवा पुलालगतचा भराव खचला, की सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसे येतात, दगडमाती टाकतात, वाट सुरू होते आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकते. हे काम मोलाचेच आहे, कारण वाट तुटली की आजारी माणूस, दूध, बाजार, शाळा सारेच अडून राहते. परंतु एवढे पाणी आले कोठून, हा प्रश्न मात्र वाट सुरू होताच मागे पडतो. हा प्रश्न मागे पडू न देणारा एक अभियंता आपल्या देशात होऊन गेला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे १८६१ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. मातृभाषेने तेलुगू, जन्मभूमीने कानडी, आणि ऐन उमेदीची चोवीस वर्षे मुख्यतः महाराष्ट्राच्या नद्यांवर! आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड हे दोन्ही विभाग त्यांना सारख्याच हक्काने आपले म्हणू शकतात.

नोकरीच्या आरंभीच खानदेशात पांझरा नदीतून नळांचा सायफन नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा तोंडावर होता. पुराने काम वाळूने भरेल म्हणून ते पुढे ढकलावे, असे त्यांनी कळवले. वरिष्ठांना ती टाळाटाळ वाटली. तेव्हा या तरुणाने पुराला तोंड देत ते काम पुरे करून दाखवले. नदी माणसाच्या वेळापत्रकाने वागत नाही, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा. पुढे १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दारे बसवली. धरणाची भिंत न उंचावता त्यामुळे जास्त पाणी साठू लागले आणि पूर आला की दारे आपोआप उघडू लागली.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती हैदराबादेत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, एकोणीस हजार घरे पडली. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाट पूल हे तीन पूल वाहून गेले. शहराच्या दोन भागांना जोडणारा सोळाव्या शतकातला पुराना पूल तेवढा उरला. विश्वेश्वरय्या त्याच वर्षी सरकारी नोकरीतून बाहेर पडून परदेशात प्रवासाला गेले होते. निजाम सरकारचे बोलावणे आल्यावर १९०९ मध्ये ते हैदराबादला आले.

पूल पुन्हा उभारायचे होतेच. पण विश्वेश्वरय्यांची नजर पुलापाशी थांबली नाही. ती नदीच्या उगमाकडे गेली. पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या, पाणलोट क्षेत्र पाहिले. तेथील शेकडो तलावांपैकी दोनशेहून अधिक फुटले होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे, अशा रीतीने पूर वाढत गेला होता. त्यांचा निष्कर्ष साधा होता. पूर शहरात पोचल्यावर अडवता येत नाही, तो वरच अडवला पाहिजे. त्यांच्या सूचनेनुसार शहराच्या वरच्या बाजूला मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. पूर थोपवणारे हे पाणीच पुढे शहराची तहानही भागवू लागले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला यात हिशेबाची एक नोंद दिसते. दरवर्षी तोच भराव भरणे हा महसुली खर्च होय; वर्ष संपले की तो संपला. पुराचे मूळ शोधून उपाय करणे हा भांडवली खर्च. त्याचे उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या मिळते. पहिला खर्च टाळता येत नाही हे खरे, पण केवळ तोच करीत राहणारा व्यवहार शेवटी तोट्यातच जाणार.

तथापि, धरण बांधले की काम संपले, असे मात्र नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. पुणे शहर पाण्याखाली गेले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. वर अडवलेले पाणी नीट सांभाळले नाही तर तेच संकट होऊन खाली येते.

आमच्या पेडणे तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली, तिळारी धरणातून पाणी सोडावे लागले आणि शापोऱ्याच्या काठचे इब्रामपूर, हणखणे आणि डिचोली तालुक्यातील साळ या गावांत पूर शिरला. धरण महाराष्ट्रात, दोडामार्गला; पूर गोव्यात. नदीला राज्याची सीमा ठाऊक नसते. मग वरचा पाऊस मोजणे, पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना वेळेवर कळवणे आणि साकवाची उंची त्या हिशेबाने ठरवणे, हे दोन्ही राज्यांनी मिळूनच करायला हवे.

विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली ‘भारतरत्न’ झाले. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये गंगेवरचा पूल कोठे बांधावा, याचा सल्ला देण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. त्यांनी मोकामाची जागा सुचवली आणि १९५९ मध्ये तेथे पूल खुला झाला. १९६२ च्या एप्रिलमध्ये, शंभरी पार करून, ते निवर्तले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी हारतुरे अवश्य असावेत. पण त्या पावसाळ्यात आपल्या तालुक्यात कोणते साकव गेले आणि का गेले, याची यादीही त्याच दिवशी वाचली जावी. त्यांना ती अधिक आवडली असती.