पॅसिव्ह इन्कम: राजा रवि वर्मांनी १८९४ मध्येच काय केलं होतं?

ई-बुक, कोर्स, अ‍ॅप... एकदा बनवा आणि विकत राहा, यालाच आपण पॅसिव्ह इन्कम म्हणतो. राजा रवि वर्मांनी (१८४८–१९०६) हेच इंटरनेटशिवाय करून पाहिलं.

केरळच्या किळिमानूरमध्ये जन्मलेले रवि वर्मा राजेरजवाड्यांसाठी तैलचित्रं काढायचे. एक चित्र, एकच गिऱ्हाईक. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला. मशीन जर्मनीची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यांची लक्ष्मी-सरस्वती आता साध्या घरांच्या भिंतींवर पोचली.

पण मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉपी स्वस्त झाली तरी सिस्टम चालवायला पैसे लागतातच. पगार, कर्ज, त्यात मुंबईत प्लेगची साथ. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी हिशेब जुळेना. शेवटी तो चित्रं छापायच्या हक्कांसकट आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. पुढे त्याच चित्रांवर श्लायशर यांनी धंदा वाढवला.

तुम्हीही ऑनलाइन काही विकणार असाल, तर आधी दोन गोष्टी कागदावर लिहा. दरमहा खर्च किती, आणि हक्क कोणाकडे?