स्वच्छतेचे निरक्षर गुरू : संत गाडगेबाबा

नवीन जालन्याच्या नळांना ज्या घाणेवाडीच्या तलावाचे पाणी येते, तो निजामकाळातील तलाव आज संत गाडगेबाबा जलाशय या नावाने ओळखला जातो. जेवणापूर्वी आपली मुले ज्या पाण्याने हात धुतात, त्या पाण्याशी या महापुरुषाचे नाव जोडले गेले आहे. म्हणून त्यांचे जीवन मुलांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात त्यांचा जन्म झाला. दारूच्या व्यसनाने वडिलांचा घास घेतला आणि लहानग्या डेबूला घेऊन आई सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखावीत, शेतात राबावे, असे त्याचे बालपण गेले. शाळेचे दार त्याला कधी दिसले नाही. मुलीच्या बारशाला जातीच्या रूढीप्रमाणे दारू व मटण न देता त्याने गोड जेवण वाढले. त्याच्या बंडाची ती सुरुवात होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मातीच्या मडक्याचा तुकडा आणि हातात खराटा, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात पाऊल ठेवताच ते कोणाशीही न बोलता रस्ते झाडू लागत. दिवसभरात गटारे, पाणवठे, देवळासमोरचे अंगण स्वच्छ होई. बघे हळूहळू हातभार लावू लागत. रात्री कीर्तन. तेथे ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दारू, कर्ज, पशुहत्या, अंधश्रद्धा, शिवाशीव या साऱ्यांचा समाचार त्या कीर्तनात घेतला जाई. आधी हाताने कृती आणि मग मुखाने बोध, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

या स्वच्छतेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या समाजाच्या इतिहासात पाणी आणि शुद्धता हे शब्द दुखऱ्या जागी जाऊन भिडतात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले असे मानून सनातन्यांनी त्यात शेण आणि गोमूत्र यांचे मिश्रण ओतले व त्याला शुद्धीकरण म्हटले! ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणविले गेले. विटाळ आणि मळ यांत हाच भेद आहे. विटाळ ही मनाची विकृत कल्पना. ती जन्माला चिकटविली जाते आणि कोणत्याही पाण्याने जात नाही. मळ हा साऱ्यांच्याच हाताला लागतो आणि धुतला की निघून जातो. इतरांचे कपडे धुणाऱ्या समाजात जन्मलेल्या बाबांनी आयुष्यभर विटाळ नाकारला आणि मळ मात्र स्वतःच्या हातांनी उपसला.

बाबा स्वतः निरक्षर होते. तरी घरातले ताट मोडावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असा त्यांचा आग्रह असे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा व वसतिगृहे उभी केली. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिली गेली. वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाने हे दान स्मरणात ठेवावे.

स्वच्छ हातांचे महत्त्व शास्त्राने फार पूर्वी सिद्ध केले आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांचे म्हणणे त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना पटले नाही. सत्य सिद्ध झाले म्हणजे ते अंगवळणी पडतेच, असे नाही. सवय लागते ती पाहून आणि रोज करून. बाबांचा क्रम येथेच मोलाचा ठरतो.

लहान मुलाला जंतू दिसत नाहीत. त्याला दिसतात शिक्षकांचे, ताईंचे, आई-वडिलांचे हात. पंगतीपूर्वी शिक्षकच नळाशी उभे राहून तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे साबणाने निदान वीस सेकंद चोळू लागले, तर मुले आपोआप तसेच करतात. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी, हे दोन प्रसंग चुकू नयेत. एवढ्यानेही हगवणीसारखे आजार पुष्कळ टळतात आणि शाळेचे दिवस वाचतात. जालन्याला पाणीटंचाई नवी नाही. पण हात धुवायला एक तांब्या पाणी पुरते, साबण चोळताना नळ बंद ठेवला म्हणजे झाले. ज्याचे हात मळलेले असतील त्याला चारचौघांत घाणेरडा म्हणू नये. हात घाण झाले आहेत, मूल नव्हे, हे सांगणाऱ्याच्या स्वरातूनही त्याला कळले पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांनी जो शब्द विनाकारण ऐकला, तो आपल्या शाळेत कोणाही मुलाच्या कानी पडू नये.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीजवळ गाडगेबाबांनीही जगाचा निरोप घेतला. मागे राहिल्या त्या लोकांसाठी उभ्या केलेल्या संस्था आणि खराट्याची आठवण.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी बाबांच्या प्रतिमेला हार अवश्य घालावा. परंतु त्या दिवशी शाळेत आल्यावर पंगतीला बसण्यापूर्वी चिमुकल्यांच्या शेजारी उभे राहून आपलेही हात साबणाने धुवावेत. पायांवर डोके ठेवू न देणाऱ्या त्या महामानवाला हेच अभिवादन रुचले असते.